गाठ नेमकी कुठे आहे?

गेल्या पावसाळ्यातील एका रात्री साडेदहाच्या सुमारास माझा फोन वाजला. पलीकडे आमच्या नानांची सूनबाई होती. आवाज दाटलेला. "डॉक्टर, नानांच्या पेट स्कॅनचा रिपोर्ट मोबाइलवर आलाय. सगळीकडे पसरलंय हो! लाळेच्या ग्रंथी, लिव्हर, किडन्या, आतडं, सगळीकडे 'अपटेक' आहे असं लिहिलंय. नाना झोपलेत. मी त्यांना सकाळी काय सांगू?"

मी म्हणालो, "ताई, रिपोर्ट मला पाठवा आणि पाच मिनिटं द्या. तोवर कोणालाही काही सांगू नका."

अहवाल वाचून मी फोन केला. तिने सांगितलेले सगळे शब्द अहवालात होते. पण त्यांचा अर्थ तिने लावला होता तसा नव्हता. लाळग्रंथी, मूत्रपिंडे, यकृत, लहान आतड्याचा आरंभीचा भाग हे अवयव या तपासणीत निरोगी माणसाचेही उजळतात. चिंतेची ओळ एकच होती, आणि ती प्रोस्टेट ग्रंथीबद्दल होती. "मग घाबरायचं नाही ना?" तिने विचारले. "पसरलेलं नाही. पण वर्षभर आपण जे शोधत होतो, ते बहुधा सापडलं आहे," एवढेच मी सांगू शकलो.

त्या रात्रीच्या फोनमुळेच आजचा विषय निवडला. प्रोस्टेटमधील गाठ नेमकी कुठे आहे हे शोधण्यासाठी पेट स्कॅनचा उपयोग कसा होतो, कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, हे समजून घेऊ. घरातील वडीलधाऱ्यांची फाइल ज्यांच्या हाती असते, त्या मुलासुनांनी आणि लेकींनी हा लेख विशेष लक्षपूर्वक वाचावा.

अक्रोडाएवढी ग्रंथी आणि माझी एक चूक

पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. परिभाषेत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. बोलण्यात प्रोस्टेट हाच शब्द रुळला आहे. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. पन्नाशीनंतर बहुतेकांमध्ये ती हळूहळू वाढते. मग रात्री दोन-तीनदा उठावे लागते, लघवीची धार बारीक होते, लघवी सुरू होण्यास वेळ लागतो. ही वाढ बहुधा साधी असते आणि ती पुढे कर्करोगात बदलत नाही. तथापि साधी वाढ आणि कर्करोग हे दोन्ही एकाच ग्रंथीत, एकाच वेळी असू शकतात, हे ध्यानात ठेवावे. आरंभीचा कर्करोग पुष्कळदा कोणताही त्रास देत नाही.

रक्तातील पीएसए हे प्रथिन याच ग्रंथीत तयार होते. ते वाढले म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. साधी वाढ, जंतुसंसर्ग, लघवी अडल्याने नुकतीच घातलेली नळी, यांमुळेही ते वाढते. उलट, ते 'चारच्या आत' आहे म्हणजे सर्व ठीक आहे, असेही नेहमी म्हणता येत नाही. येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे.

नाना एस. टी.च्या आगारातून निवृत्त झालेले, एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ. लघवीच्या त्रासासाठी त्यांना दोन औषधांची एकत्रित गोळी चालू होती; त्यांतील एक औषध ड्युटास्टेराइड. हे औषध ग्रंथीचा आकार कमी करते आणि साधारण सहा महिन्यांत पीएसएचा आकडाही जवळपास निम्म्यावर आणते. नानांचा पीएसए आधी २.४ आला, वर्षाने ३.६ आला. मी कागदावर नजर टाकली आणि म्हणालो, "चारच्या आत आहे नाना, काळजी नको." वस्तुतः गोळी चालू असताना तो आकडा दुप्पट करून वाचायला हवा होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोळी चालू असूनही तो वाढत आहे, हे दिसायला हवे होते. पुढच्या तपासणीत ४.९ आल्यावर मी त्यांना पुण्यातील मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी पहिल्याच भेटीत गोळीबद्दल विचारले. आज माझ्या टेबलावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'पीएसए पाहण्यापूर्वी गोळ्या पाहा.' ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड आपल्या घरात कोणी घेत असेल, तर पीएसएचा अहवाल दाखवताना ते आवर्जून सांगावे. मात्र हे वाचून गोळी परस्पर बंद करू नये.

सुईला दिशा हवी

प्रोस्टेटमध्ये कर्करोग आहे की नाही हे अखेरीस बायोप्सीने, म्हणजे सुईने बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यानेच ठरते. अडचण अशी, की सोनोग्राफीत ग्रंथीची सीमारेषा चांगली दिसते; आतील गाठ मात्र पुष्कळदा आजूबाजूच्या ऊतींहून निराळी दिसतच नाही. म्हणून वर्षानुवर्षे पद्धत अशी होती, की ग्रंथीचे काल्पनिक भाग पाडायचे आणि ठरलेल्या बारा जागांतून तुकडे घ्यायचे. धान्याच्या पोत्यात बांबू खुपसून नमुना काढतात, तसाच हा प्रकार. पोत्यातील दाणा सगळीकडे सारखा असेल तर नमुना खरा ठरतो. कीड एकाच कोपऱ्यात असेल तर बांबू तिच्या शेजारून निघून जातो. गुदमार्गातून मागच्या बाजूने सुई घालताना ग्रंथीचा पुढचा भाग विशेषतः हुकतो.

गेल्या दशकात या कामी एमआरआयची मोठी मदत झाली. बायोप्सीच्या आधी एमआरआय केल्यास संशयास्पद जागा दिसते आणि सुईला दिशा मिळते. एमआरआयचा अहवाल एक ते पाच अशा गुणांत देतात. एक-दोन म्हणजे महत्त्वाचा कर्करोग असण्याची शक्यता कमी. चार-पाच म्हणजे शक्यता बरीच. खरी पंचाईत तीन गुणांची. 'तीन' म्हणजे सांगता येत नाही.

नानांच्या एमआरआयला तीन गुण मिळाले. बारा तुकड्यांच्या बायोप्सीत कर्करोग आढळला नाही. घरी पेढे वाटले गेले. सहा महिन्यांनी पीएसए ६.१ आला, गोळी लक्षात घेता तो बाराच्या घरात धरायचा. नाना माझ्यासमोर प्लॅस्टिकच्या पिशवीतील कागद पसरून बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, आता एकच सांगा. आहे की नाही? आणि असेल तर आहे कुठं?"

या टप्प्यावर मूत्ररोगतज्ज्ञांनी पीएसएमए पेट स्कॅन सुचवला.

पेट स्कॅन पाहतो तरी काय?

एक्स-रे, सीटी किंवा एमआरआय अवयवाची रचना दाखवतात. पेट स्कॅन रचना दाखवत नाही. शरीरात सोडलेला विशिष्ट पदार्थ कुठे जाऊन साठला, एवढेच दाखवतो. शहराचा नकाशा आणि रात्री कोणत्या घरांत दिवे लागले आहेत याचे चित्र, असा हा भेद आहे. दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवली, की दिवा कोणत्या गल्लीत आहे ते कळते. म्हणून पेटच्या जोडीला त्याच यंत्रात सीटी केले जाते आणि तपासणीला पेट-सीटी म्हणतात.

अनेक कर्करोगांत या कामासाठी किरणोत्सर्गी साखर वापरतात, कारण त्या पेशी साखर अधिक खातात. प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा संथ असतो. तो साखरेची फारशी उचल करत नाही. शिवाय ही साखर लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्राशय इतके उजळते की त्याच्या लगतची ग्रंथी त्या प्रकाशात हरवून जाते. म्हणून प्रोस्टेटसाठी दुसरा पत्ता शोधावा लागला.

तो पत्ता म्हणजे पीएसएमए. प्रोस्टेटच्या पेशींच्या पृष्ठभागावर हे प्रथिन असते. कर्करोगाच्या पेशींवर ते कितीतरी अधिक असते. त्याला जाऊन चिकटणारा एक छोटा रेणू तयार करून त्याला गॅलियम-६८ किंवा फ्लोरीन-१८ हे किरणोत्सर्गी अणू जोडतात. जणू पत्रावर अचूक पत्ता लिहून पत्रासोबत एक इवलासा दिवा पाठवायचा. पत्र ज्या दारी पडेल, तेथे दिवा लागतो.

हा दिवा म्हणजे पॉझिट्रॉन नावाचा कण होय. तो बाहेर पडताच शेजारच्या इलेक्ट्रॉनला भिडतो, दोन्ही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी परस्परविरुद्ध दिशांना धावणारे दोन किरण निघतात. यंत्रातील गोल कड्यावर ते एकाच क्षणी समोरासमोर आदळले, की त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवरच तो अणू होता हे संगणकाला कळते. अशा असंख्य रेषांवरून चित्र तयार होते.

गॅलियम-६८ चा अर्धायुकाल ६८ मिनिटांचा आहे. म्हणजे दर ६८ मिनिटांनी त्याची किरणोत्सर्गिता निम्मी होते आणि अकरा-साडेअकरा तासांत सुमारे हजारांश उरते. सकाळी टोचलेले द्रव्य रात्रीपर्यंत जवळपास संपलेले असते.

आपल्या देशात पेट तंत्राचा आरंभ २००२ साली मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाला. गॅलियम-६८ जोडलेल्या पीएसएमए द्रव्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. युरोपात, ऑस्ट्रेलियात आणि भारतातही त्याचा वापर त्याआधीच सुरू झाला होता.

ऑस्ट्रेलियातून आलेली उत्तरे

या तपासणीविषयी सर्वाधिक मोलाची माहिती ऑस्ट्रेलियातील दोन अभ्यासांतून मिळाली. पहिला 'प्रोपीएसएमए' या नावाचा, २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला. बायोप्सीत गंभीर प्रकारचा कर्करोग निश्चित झालेल्या ३०२ पुरुषांत तो केला गेला. रोग लसीका ग्रंथींत किंवा हाडांत पसरला आहे का, हे सांगण्यात पीएसएमए पेट-सीटीची अचूकता ९२ टक्के भरली. नेहमीचे सीटी आणि हाडांचा स्कॅन मिळून ६५ टक्के. पसरण्याचा शोध हा या तपासणीचा आज पक्का झालेला उपयोग आहे. उपचारानंतर पीएसए पुन्हा वाढू लागला, तर रोग कुठे डोके वर काढत आहे हे पाहण्यासाठीही ती वापरतात.

दुसरा अभ्यास थेट आपल्या विषयाचा. 'प्रायमरी' नावाचा हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात कर्करोगाचा संशय होता, पण निदान झालेले नव्हते, अशा २९१ पुरुषांचे एमआरआय, पीएसएमए पेट आणि बायोप्सी हे तिन्ही करून निष्कर्ष ताडून पाहिले. उपचारयोग्य, महत्त्वाचा कर्करोग असलेल्या दर शंभरांपैकी एकट्या एमआरआयने ८३ जण ओळखले. एमआरआय आणि पेट मिळून ९७. दोन्ही तपासण्या 'नाही' म्हणाल्या, तर ते 'नाही' शंभरातून ९१ वेळा खरे ठरले. एकट्या एमआरआयच्या बाबतीत ७२ वेळा.

पण नाण्याची दुसरी बाजूही त्याच अभ्यासात आहे. ज्यांना महत्त्वाचा कर्करोग नव्हता, अशा दर शंभरांपैकी एमआरआयने ५३ जणांना योग्यरीत्या निर्दोष ठरवले. दोन्ही तपासण्या एकत्र धरल्या तेव्हा हा आकडा ४० वर आला. अर्थात हुकण्याचे प्रमाण घटले. खोट्या धोक्याच्या घंटा मात्र वाढल्या. ग्रंथीची साधी वाढ आणि दाह यांमुळेही थोडेफार उजळणे दिसते. म्हणून पेट स्कॅन बायोप्सीची जागा घेत नाही. तो सुईला सांगतो, 'येथे पाहा.' निकाल सूक्ष्मदर्शकच देतो.

ज्यांना संशय आहे पण एमआरआयने उत्तर दिलेले नाही, किंवा आधीची बायोप्सी कोरी आली असूनही पीएसए वाढतच आहे, अशा निवडक रुग्णांतच ग्रंथीच्या आतील गाठ शोधण्यासाठी हा स्कॅन आज विचारात घ्यावा, असे माझे मत आहे. प्रत्येक वाढलेल्या पीएसएचे ते पहिले उत्तर नव्हे.

नानांचा तपासणीचा दिवस

पहाटेच्या गाडीने नाना, सूनबाई आणि एक डबा पुण्याला गेले. उपाशी यायचे की काय, या शंकेने नानांनी आदल्या रात्रीपासून पाणीही सोडले होते. मला आधी कळले असते तर रागावलो असतो. साखरेच्या पेट स्कॅनला उपाशीपोटी जावे लागते; पीएसएमए स्कॅनला सहसा तशी गरज नसते, उलट पाणी भरपूर प्यायचे असते.

हाताच्या शिरेतून इंजेक्शन दिले. मग सुमारे तासभर एका खोलीत स्वस्थ बसवले, कारण द्रव्य पत्त्यावर पोहोचायला वेळ लागतो. स्कॅनच्या आधी लघवी करून मूत्राशय रिकामे करायला सांगितले. हे द्रव्यही लघवीतून जाते आणि भरलेले मूत्राशय ग्रंथीवर प्रकाश फेकून चित्र बिघडवते. काही केंद्रांत त्यासाठी लघवीचे औषधही देतात. नंतर वीस-पंचवीस मिनिटे यंत्राच्या कड्यातून सरकणाऱ्या पाटावर निश्चल पडून राहायचे. दुखत काहीच नाही. नाना म्हणाले, "एस. टी.च्या लांब पल्ल्याच्या बाकड्यापेक्षा बरं होतं."

अहवालातील ती एक ओळ अशी होती, की ग्रंथीच्या डाव्या बाजूस, अगदी पुढच्या भागात एक ठळक केंद्र उजळले आहे; लसीका ग्रंथी व हाडे स्वच्छ आहेत. पहिल्या बायोप्सीची सुई नेमकी जेथे पोहोचली नव्हती, तीच ही जागा. दुसऱ्या वेळी अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून सुई घातली. या मार्गाने पुढचा भाग गाठता येतो आणि जंतुसंसर्गाचा धोकाही कमी असतो. त्या जागेतून घेतलेल्या तुकड्यांत कर्करोग निघाला. ग्लीसन गुण ४ अधिक ३, म्हणजे सात. दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण ग्रंथीतच असलेला आणि बरा करता येण्याजोगा.

अहवाल वाचताना

पहिली गोष्ट, रात्री एकट्याने अहवाल वाचू नका. तपासणी केंद्रे आता अहवाल मोबाइलवर पाठवतात; सोय चांगली, पण शब्दांना अर्थ देणारे माणूस सोबत नसते. नावात 'प्रोस्टेट' असले तरी पीएसएमए हे प्रथिन केवळ प्रोस्टेटपुरते नाही. अश्रुग्रंथी, लाळग्रंथी, मूत्रपिंडे, लहान आतडे यांत ते नैसर्गिकरीत्या असते. काही द्रव्ये यकृत आणि पित्तावाटे बाहेर पडतात.

दुसरी गोष्ट, एखादी बरगडी किंवा हाडाचा ठिपका उजळला म्हणून लगेच 'हाडात गेला' असे समजू नका. जुना अस्थिभंग, हाडांचे इतर साधे विकार यांमुळेही तसे दिसते. अशा वेळी डॉक्टर सीटीतील चित्र, पीएसएचा आकडा आणि बायोप्सी यांचा मेळ घालतात.

तिसरी गोष्ट उलट दिशेची. प्रोस्टेटच्या कर्करोगांपैकी थोड्यांत पीएसएमए अत्यल्प असते, आणि काही मिलिमीटरच्या गाठी यंत्राच्या नजरेतून सुटू शकतात. म्हणून अहवाल कोरा आला तरी पीएसएवरील लक्ष काढू नये.

चौथी, अहवालात एसयूव्ही नावाचा आकडा असतो. द्रव्य त्या जागी किती साठले याचे ते माप आहे. तो मोठा असला तर संशय बळावतो. पण शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही.

अण्णांना स्कॅन का नको म्हटले

नानांची गोष्ट ऐकून आमच्याच गल्लीतील एका चिरंजीवांनी मला गाठले. त्यांचे वडील अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे. हृदय अशक्त, जिना चढवत नाही. कुठल्याशा तपासणी शिबिरात पीएसए ७ आला होता. "डॉक्टर, पैशाचा प्रश्न नाही. पेट स्कॅन करूनच टाकू," चिरंजीव म्हणाले. त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नव्हती. मी त्यांना विचारले, "समजा गाठ सापडली, तर पुढं काय करायचं?" ते थांबले.

प्रोस्टेटचे अनेक कर्करोग इतके संथ असतात, की माणूस त्यांच्यासह आयुष्य पुरे करतो. ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' या अभ्यासात १,६४३ पुरुषांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवले. त्यांचा कर्करोग बहुतांशी ग्रंथीपुरता होता. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ नियमित देखरेख, असे तीन गट होते. पंधरा वर्षांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत मिळून तीन टक्क्यांहूनही कमी होते आणि गटागटांत फारसा फरक नव्हता. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते, हेही तितकेच खरे. म्हणून देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. परंतु अण्णांना हाडदुखी नाही, लघवी अडत नाही आणि हृदय शस्त्रक्रियेला साथ देणार नाही. त्यांच्या बाबतीत गाठीचा पत्ता कळून हाती केवळ काळजी आली असती.

मी चिरंजीवांना सुचवले, की अण्णांनाच विचारा. अण्णा म्हणाले, "मला रात्री पाचदा उठावं लागतं, त्याचं काहीतरी करा." आम्ही त्याचे केले. पीएसए सहा महिन्यांनी पाहण्याचे ठरवले. तपासणी टाळणे हाही विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय असू शकतो, आणि तो घेताना म्हाताऱ्या माणसाचे स्वतःचे म्हणणे सर्वांत आधी ऐकावे.

तपासणीला जाण्यापूर्वी

स्कॅन ठरलाच, तर पुढील गोष्टी पाळाव्यात.

पीएसएचे आजवरचे सर्व अहवाल तारखेनुसार लावून न्यावेत. एमआरआयची सीडी किंवा फिल्म, बायोप्सीचा अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी सोबत असावी. हार्मोनचे इंजेक्शन किंवा गोळी चालू असल्यास ते नक्की सांगावे. त्यामुळे चित्रात फरक पडू शकतो.

मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. सीटीसाठी शिरेतून रंगद्रव्य देणार आहेत का, ते आधी विचारावे. देणार असतील तर क्रिएटिनिनची तपासणी आणि मेटफॉर्मिनबद्दलचा सल्ला लागतो.

तपासणीनंतर दिवसभर पाणी भरपूर प्यावे आणि वारंवार लघवीला जावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले असेल, तर किती प्यावे ते विचारूनच ठरवावे. शौचालयात पाणी नीट ओतावे, हात धुवावेत. नळी आणि पिशवी असेल तर पिशवी रिकामी करणाऱ्याने हातमोजे घालावेत. त्या दिवशी नातवंडाला मांडीवर घेणे आणि गरोदर स्त्रीच्या अगदी जवळ बराच वेळ बसणे टाळावे. दुसऱ्या दिवसापासून हरकत नाही. वेगळे ताट, वेगळी खोली यांची आवश्यकता नाही. आजोबांना अस्पृश्यासारखे वागवू नका.

स्कॅनचा खर्च हजारांत जातो आणि केंद्रागणिक तो बदलतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात गेलात, तर तपासणी आणि पुढील उपचार यांपैकी काय योजनेत बसते, हे तेथील आरोग्यमित्राला आधीच विचारावे. विम्याची पूर्वपरवानगीही आधी घ्यावी.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारण्यास संकोचू नका. या स्कॅनने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळणार आहे? उत्तर 'आहे' आले तर उपचार बदलेल का? आणि 'नाही' आले तर बायोप्सी टळेल का? तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर अवश्य करावा.

काही गोष्टींसाठी मात्र स्कॅनची वाट पाहू नये. लघवी पूर्ण अडणे, लघवीत रक्ताच्या गुठळ्या, बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप, किंवा पाठदुखीबरोबर पायांतील बळ जाणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

शेवटी नानांविषयी. शस्त्रक्रिया की किरणोपचार, यावर घरात दोन आठवडे चर्चा चालली. दोन्ही मार्गांचे त्रास डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितले आणि नानांनी किरणोपचार निवडले. जोडीला काही महिने हार्मोनची इंजेक्शने. पुण्यात भाचीकडे राहून त्यांनी ते पूर्ण केले. हार्मोनमुळे अंगातून गरम वाफा येतात, थकवा आहे. अलीकडचा पीएसए चांगलाच खाली आला आहे. पण इंजेक्शनांचा प्रभाव ओसरल्यावरच त्या आकड्याचा खरा अर्थ कळेल, हे मी त्यांना सांगितले आहे.

परवा ते आले तेव्हा मी त्या पहिल्या ३.६ च्या आकड्याबद्दल पुन्हा एकदा दिलगिरी व्यक्त केली. नानांनी टेबलावरील चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "ही चिठ्ठी काढू नका, डॉक्टर. आमच्यासारखे अजून पुष्कळ येणार आहेत."